गवताची बखर

आपल्या भाषेने गवताची किंमत फार पूर्वीच ठरवून टाकली आहे. एखाद्यास तुच्छ लेखावयाचे असेल तर आपण त्यास तृणवत् मानतो. वस्तू टाकाऊ झाली म्हणजे ती काडीमोल होते. क्षुल्लकातील क्षुल्लक दोष दाखवावयाचा असला म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यातील कुसळ पुढे येते. हे कुसळ कोणत्या गवताचे, आणि त्याचा त्या गवतास स्वतःला काय उपयोग, हा प्रश्न म्हण वापरणाऱ्याच्या मनात सहसा उभा राहत नाही. आमच्याही मनात तो पुष्कळ वर्षे उभा राहिला नव्हता. जुन्या कथाकाव्यांत माळाचे वर्णन आले की ‘माळ म्हणजे ओसाडी, म्हणजे मनाची उदासी’ असा अर्थ आम्ही वर्गात बेधडक सांगत आलो, आणि आमच्या विद्यार्थ्यांनी तो उतरून घेतला. तो अर्थ कितपत खरा होता याची शंका आम्हास ज्या वाचनामुळे आली, त्या वाचनाचे गुणदोष वाचकांपुढे मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ज्या ग्रंथाविषयी प्रथम लिहावयाचे तो रूढ अर्थाने ग्रंथ नव्हे. तो पुरा झालेला नाही, आणि त्याच्या पहिल्या दोघा कर्त्यांस निवर्तून सव्वाशेहून अधिक नाही तरी सव्वाशेच्या आसपास वर्षे झाली. इंग्लंडातील हर्टफर्डशायर परगण्यात रॉथॅमस्टेड येथे सुमारे सात एकरांचे एक जुने कुरण आहे. १८५६ साली जॉन बेनेट लॉज व जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी त्याचे पट्टे पाडले. काहींस कोणतेच खत द्यावयाचे नाही, काहींस नत्राचे, काहींस स्फुरद-पालाशाचे, काहींस शेणखत, असा नेम घालून दिला, आणि दर वर्षी जून महिन्यात गवत कापून वजन करण्याचा परिपाठ सुरू केला. ‘पार्क ग्रास’ या नावाने हा प्रयोग आजही चालू आहे. लॉज हे स्वतः सुपरफॉस्फेट खताचे कारखानदार होते. त्यांना कोणत्या खताने किती वैरण निघते एवढेच पाहावयाचे होते.

उत्तर मात्र त्यांनी न विचारलेल्या प्रश्नाचे मिळाले. दोन-तीन वर्षांतच एकमेकांस लागून असलेले पट्टे इतके निराळे दिसू लागले की पाहणाऱ्यास ती वेगवेगळ्या बियाण्यांची शेते वाटावीत. बी तर कोणीच पेरले नव्हते. ज्या पट्ट्यास काहीच दिले नाही तेथे आजही पस्तीस-चाळीस जातींची झाडोरी सुखाने नांदते. ज्यास वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट दिले आणि चुना दिला नाही, तेथील माती आंबट होत जाऊन अखेर दोन-तीन जातींचे गवत तेवढे शिल्लक राहिले. श्रीमंती आली आणि गोतावळा गेला, हा अनुभव मनुष्यांच्या घरांत आपण पाहतोच. तो कुरणातही येतो हे या पट्ट्यांनी दाखविले. पुढे असेही आढळले की, एकाच जातीचे गवत शेजारच्या दोन पट्ट्यांत पिढ्यानुपिढ्या वाढून उंचीने व स्वभावानेही भिन्न झाले आहे. डार्विनचा जातींच्या उत्पत्तीवरील ग्रंथ १८५९ सालचा. म्हणजे तो छापला जाण्यापूर्वी तीन वर्षे त्याचे एक उदाहरण या कुरणात रुजू लागले होते, आणि ते तेथे आहे हे कळावयास शतकाहून अधिक काळ लागला.

या बखरीचा आमच्या मते सर्वांत मोठा गुण म्हणजे तिच्या लेखकांनी जपून ठेवलेला ऐवज. दर वर्षीच्या गवताचे नमुने वाळवून, बंद करून, १८५६ पासून ठेवलेले आहेत. ज्यांनी ते ठेविले त्यांस त्यांचा पुढे काय उपयोग होईल याची कल्पना असणे शक्यच नव्हते. त्याच वाळक्या गवतात विसाव्या शतकाच्या मध्यावर झालेल्या अणुस्फोटांच्या चाचण्यांची धूळ सापडली, आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढत गेला त्याची खूणही सापडली. कारखान्यांच्या व मोटारींच्या धुरातून, तसेच शेतीतून नत्र हवेत जाते व पावसाबरोबर कुरणावर उतरते. हे फुकटचे खत इंग्लंडात गेल्या शतकाच्या अखेरपासून कमी होत गेले, तसतशा या पट्ट्यांवरील नाहीशा झालेल्या जाती परत येऊ लागल्या. १९९० च्या सुमारास ज्या पट्ट्यांचे नत्रखत थांबविले तेथेही हेच दिसले. २०१५ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बिघडलेले कुरण सुधारू शकते ही आशा देणारी गोष्ट खरी. परंतु ती सांगण्यासाठी आधीची दीडशे वर्षे कोणीतरी मुकाट्याने गवत मोजीत राहिले होते.

आता दोष. हा प्रयोग मांडला तेव्हा प्रयोगशास्त्र बाल्यावस्थेत होते. प्रत्येक खताचा बहुधा एकच पट्टा. तोही चिठ्ठी टाकून नव्हे, तर मांडणाऱ्याच्या सोयीने निवडलेला. दोन पट्ट्यांतील फरक खताचा की मुळातील जमिनीचा, असा आक्षेप कोणी घेतला तर त्यास पुरते उत्तर देता येत नाही. विशेष हे की, हा दोष काढून टाकण्याची रीत ज्यांनी घालून दिली ते रोनाल्ड फिशर १९१९ साली रॉथॅमस्टेडलाच कामास लागले आणि तेथील जुन्या आकड्यांवरच त्यांनी आपले संख्याशास्त्र घासून पाहिले. सदोष ग्रंथाने आपला उत्तम टीकाकार स्वतःच्याच घरात वाढवावा, ही गोष्ट आमच्या वाङ्मयसृष्टीस हेवा वाटण्याजोगी आहे.

दुसरा ग्रंथ अमेरिकेतील मिनेसोटा संस्थानातील सीडर क्रीक येथला. १९८२ साली डेव्हिड टिलमन यांनी तेथे दोनशे सात तुकड्यांवर कमी-अधिक नत्र घालून निरीक्षणास आरंभ केला. १९८८ साली त्या भागात भयंकर अवर्षण पडले. ज्या तुकड्यांत जाती अनेक होत्या तेथील गवताची पैदास निम्म्यावर आली. जेथे जाती थोड्या होत्या तेथे ती सुमारे अष्टमांशावर घसरली. विविधता ही संकटातील ठेव होय, असा सिद्धांत १९९४ साली त्यावरून मांडण्यात आला. सिद्धांत मनोहर होता, म्हणूनच तो तपासून घेणे अवश्य होते. टीकाकारांनी लागलीच विचारले की, ज्या तुकड्यांत जाती थोड्या होत्या तेथे त्या थोड्या का होत्या? अधिक नत्र घातल्यामुळेच ना? मग अवर्षणात तग न धरण्याचे कारण जातींची संख्या की ते नत्र?

या आक्षेपातील मर्म असे की, त्यास वाक्चातुर्याने उत्तर देता येत नव्हते. त्यास उत्तर मिळाले ते जमिनीवर. १९९४ सालीच नऊ मीटर लांब व नऊ मीटर रुंद असे तुकडे आखून, कोठे एक, कोठे दोन, चार, आठ, सोळा अशा जाती, आणि त्याही सोडत काढून, पेरण्यात आल्या होत्या; नत्राचा प्रश्नच तेथे उरला नव्हता. येथेही अधिक जातींच्या तुकड्यांनी बाजी मारली. इतकेच नव्हे तर वर्षे लोटत गेली तसा त्यांचा वरचष्मा वाढत गेला. आपल्याकडे वाद झडतात ते बहुधा वादी थकल्यामुळे संपतात. तेथे एका वादाने नवे शेत आखावयास लाविले, आणि निकालासाठी दोन्ही पक्ष वर्षानुवर्षे थांबले.

याच सीडर क्रीकमधील आणखी एक प्रकरण आम्हास सर्वांत अधिक विचारास लावणारे वाटले. वनस्पती हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन अन्न बनवितात, त्याच्या दोन मुख्य रीती आहेत. शास्त्रज्ञ त्यांस ‘सी-तीन’ व ‘सी-चार’ म्हणतात. गहू व भात पहिल्या रीतीचे. ज्वारी, बाजरी, मका व ऊस दुसऱ्या रीतीचे. गवतांतही हेच दोन वर्ग आहेत. हा वायू हवेत वाढला तर लाभ पहिल्या वर्गास होईल, दुसऱ्यास फारसा होणार नाही, असे पाठ्यपुस्तके सांगत आली. १९९८ पासून तेथे उघड्यावरील गवतास हा वायू जास्त पुरवून पाहण्यात आले. पहिली बारा वर्षे पाठ्यपुस्तकाचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. नंतरच्या आठ वर्षांत ते उलटले. लाभ दुसऱ्या वर्गास होऊ लागला, पहिल्याचा ओसरला. मातीतून मिळणाऱ्या नत्राचा पुरवठा दोन्ही ठिकाणी हळूहळू बदलत गेला, हे त्याचे कारण असावे असे दिसते. बारा वर्षे म्हणजे काही थोडा काळ नव्हे. दोन-तीन विद्यार्थ्यांचे प्रबंध एवढ्या अवधीत पुरे होतात, त्यांस पदव्या मिळतात, त्यांची पुस्तके निघतात. प्रयोग बाराव्या वर्षी आवरता घेतला असता तर ते सारे प्रबंध निर्दोष ठरले असते, आणि निष्कर्ष मात्र अपुरा राहिला असता. २०१८ साली हे प्रसिद्ध झाले, तेव्हापासून कोणताही निर्णय देताना ‘हे कितव्या वर्षाचे म्हणणे?’ असे स्वतःस विचारण्याची सवय आम्ही लावून घेत आहो.

तिसरे स्थळ कान्सास संस्थानातील कोन्झा. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी पुरुषभर उंच गवताचा जो अफाट प्रदेश होता, त्यातील बहुतेक नांगराखाली गेला. शंभरांत चार-पाच हिस्से काय ते उरले. कोन्झाच्या टेकड्यांत गारगोटीचा खडक वरच असल्यामुळे तेथे नांगर चालला नाही, म्हणून गवत वाचले. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञानसंस्थेने १९८० साली दीर्घकालीन पारिस्थितिकीय संशोधनाची जी पहिली सहा ठिकाणे निवडली त्यांत हे एक होते. सुमारे साडेतीन हजार हेक्टरांची ही भूमी ओघळांच्या पाणलोटांप्रमाणे वाटली आहे. कोणत्या पाणलोटास दर वर्षी वणवा लावावयाचा, कोणत्यास दोन, चार किंवा वीस वर्षांनी, हे ठरलेले आहे. १९८७ साली त्यातील काही भागात बायसनांचे कळप आणून सोडले.

आमच्यासारख्या पुस्तकी मनुष्यास येथील निष्कर्ष प्रथम विपरीत वाटले. आग लावणे म्हणजे नाश, आणि जनावरांनी चरणे म्हणजे ओरबाडणे, असे आपण समजतो. कोन्झात जेथे आग बंद झाली तेथे झुडपे व वृक्ष शिरले आणि उन्हाची सवय असलेले गवत त्यांच्या सावलीत मेले. इतकेच नव्हे तर एकदा झुडपांनी ठाण मांडल्यावर पुन्हा दर वर्षी आग लावूनही ती सहजासहजी हटत नाहीत. जेथे बायसन चरले तेथे एकोणतीस वर्षांच्या हिशोबाअंती देशी वनस्पतींच्या जाती दुपटीहून किंचित अधिक झाल्या; २०११-१२ च्या अवर्षणातही तो लाभ टिकून राहिला. गुराढोरांच्या चरण्याने लाभ झाला, पण त्याहून बराच कमी. याचा अर्थ, गवताळ भूमी ही अरण्य होता होता राहून गेलेली भूमी नव्हे. आग, चराई व अवर्षण यांच्या सहवासातच तिचा संसार चालतो. त्यांपासून तिला वाचवू पाहणारा तिचा घात करतो.

येथवर वाचलेले सर्व परदेशचे. आपल्या घरचा प्रश्न आला तो २०२५ साली. ‘पीपल अँड नेचर’ या ब्रिटिश नियतकालिकात आशीष नेर्लेकर व दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी पश्चिम महाराष्ट्रातील माळरानांविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. आणि त्यासाठी त्यांनी साक्षीदार म्हणून बोलाविले कोणास, तर जुन्या मराठी कथा व काव्ये यांस. त्यांतून चव्वेचाळीस रानवनस्पतींचे उल्लेख त्यांनी वेचले. त्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश वनस्पती दाट अरण्यातल्या नसून विरळ झाडांच्या गवताळ रानातल्या आहेत. यावरून त्यांचे म्हणणे असे की, येथील माळ हा कोणी जंगल तोडल्यामुळे अलीकडे झालेला नाही; तो निदान साडेसातशे वर्षांचा आहे.

हा निबंध आमच्या प्रांतात शिरलेला असल्यामुळे त्याविषयी थोडे सविस्तर बोलण्याचा आमचा अधिकार आहे. पहिली शंका अशी की, कवी वृक्षांची नावे नेहमी डोळ्यांनी पाहूनच घेतो असे नाही. संस्कृत काव्यापासून वनवर्णनातील नामावळीची एक रूढी चालत आलेली आहे. दुसरी शंका ओव्या-गीतांच्या काळाविषयी. तोंडोतोंडी आलेल्या ओवीचे वय कोणी नक्की सांगावे? तिसरी अशी की, ग्रंथात ज्याचा उल्लेख नाही ते भूमीवरही नव्हते असे म्हणता येत नाही. या शंका आम्ही मागे घेत नाही. तथापि आमच्या मते निबंधाचा पाया त्यांनी ढासळत नाही, उलट एका ठिकाणी पक्का होतो. रूढीने वर्णन करणारा कवी आम्र, अशोक, चंदन यांची नावे घेईल. हिवर, बाभूळ, तरटी यांची घेणार नाही, कारण त्यांस काव्यात प्रतिष्ठा नाही. अशा अप्रतिष्ठित झाडाचे नाव कथेच्या ओघात सहज येऊन जाते तेव्हा ते पाहिलेले असते, असे मानण्यास हरकत नाही. कथाकार ज्याविषयी काही सिद्ध करू पाहत नाही, त्याविषयीचीच त्याची साक्ष अधिक विश्वसनीय. शिवाय लेखकांनी वाङ्मय हा एकमेव पुरावा मानलेला नाही. इतर पुराव्यांच्या शेजारी ठेवूनच तो वाचला आहे.

आमची खंत निराळी आहे. ही कथाकाव्ये आम्ही जन्मभर शिकविली. त्यांतील छंद पाहिले, भक्ती पाहिली, अपभ्रष्ट रूपे पाहिली. पायाखालचे गवत पाहिले नाही. ते पाहावयास वनस्पतिशास्त्राचा मनुष्य यावा लागला.

तसे का झाले, याचे उत्तर शब्दांत सापडते. माळाविषयी मराठीत दोन कोश आहेत. एक गुराख्या-धनगरांचा: कुरण, गायरान, माळरान, त्यात पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवतांची नावे आहेत, आणि भूमीची ओळख ती कोणास पोसते यावरून आहे. दुसरा महसुलाचा: पडीक, पोटखराबा, आकार न बसणारी जमीन, त्यात भूमीची ओळख ती सरकारास काय देत नाही यावरून आहे. ‘पडीक’ हा शब्द तर मुळात नांगरून मग पडू दिलेल्या शेताचा. जिला नांगर कधी लागलाच नाही ती भूमी पडीक कशी होईल? तरी आम्ही शिकलेल्या लोकांनी दुसराच कोश उचलला, आणि त्यातला अर्थ कवितेवर लादून तिला ‘ओसाडी’ म्हटले. भारत सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहातही झुडपी व गवताळ भूमीचे काही प्रकार याच सदरात पडतात. एकदा भूमीस पडीक म्हटले की तिच्यावर काहीही केले तरी ती सुधारणाच ठरते.

येथे कोणी म्हणेल की, वृक्ष लावणे हे पुण्यकर्म; त्यास तुमचा विरोध आहे काय? मुळीच नाही. २०१९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात तेहतीस कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडण्यात आला होता, आणि त्यात शाळांची मुलेही उत्साहाने उतरली होती. रस्त्याकडेला, गावात, तुटलेल्या जंगलात झाड लावणाऱ्यास आमचा नमस्कारच आहे. परंतु अस्सल माळावर खड्डे खणून दाटीने झाडे लावणे म्हणजे एक जुना ग्रंथ खरडून त्याच्या कागदावर नवा लिहिण्यासारखे आहे. त्या माळावर माळढोक वावरत असे, तो आता महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला आहे. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूरजवळ नान्नजच्या परिसरात अभयारण्य झाले. त्याचे नावच तो माळाचा रहिवासी आहे असे सांगते. झाडे मोजता येतात, त्यांचे आकडे छापता येतात. गवताची बरीचशी दौलत मुळांच्या रूपाने जमिनीखाली असते, म्हणून ती कोणाच्या नजरेत भरत नाही.

उलट बाजूसही एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. कोन्झाचे वाचून कोणी आपल्या माळास दर वर्षी काडी लावू म्हणेल, तर तो त्या ग्रंथाचा अपवाचक होय. तेथील खडक, तेथील हिवाळा, तेथील बायसन आपले नव्हेत. आपला पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो, आणि आपला माळ शतकानुशतके मेंढरांनी चरलेला आहे. कान्सासचे उत्तर कान्सासला मिळाले ते तेथे चाळीसहून अधिक वर्षे प्रश्न विचारीत राहिल्यामुळे. आपण उसने आणावयाचे ते उत्तर नव्हे, ती चिकाटी. भारत सरकारने २०१५ साली दीर्घकालीन पारिस्थितिकीय वेधशाळांची योजना जाहीर केली, हे योग्यच झाले. तथापि अशा योजनेची परीक्षा तिच्या उद्घाटनाच्या दिवशी होत नाही; पहिला अधिकारी बदलून गेला, दुसऱ्याला रस नाही, आणि तरीही तिसऱ्याने त्याच पट्ट्यावरचे गवत त्याच महिन्यात मोजले, तर ती उतरली असे म्हणावे.

आणि हे सर्व सरकारावरच सोडावे असेही नाही. आपल्या जिल्ह्यांच्या गावांतून महाविद्यालये आहेत, त्यांपैकी कित्येकांच्या भोवती अजून माळ आहे. अशा माळाचे दहा गुंठे राखून, काही भाग चरू देऊन व काही न देऊन, दर वर्षी दिवाळीच्या आधी कोणती गवते किती आली याची नोंद एका वहीत करावयास कितीसा खर्च? खर्च पैशाचा नाही. ज्याचे फळ आपल्या हयातीत दिसणार नाही असे काम नेमाने करण्याच्या वृत्तीचा आहे. बखरी लिहिणाऱ्यांचा आपल्या देशात दुष्काळ नव्हता. त्या एका राजाच्या किंवा घराण्याच्या असत, एवढेच.

कुसळाचा प्रश्न आरंभी उपस्थित केला, त्याचे उत्तर देऊन थांबतो. कुसळी गवताचे बी खाली पडते तेव्हा त्याचे ते लांब, पीळदार कुसळ दमट हवेत उलगडते, कोरड्या हवेत पुन्हा आवळते, आणि या पिळापिळाने बियास हळूहळू जमिनीत रोवते. आपल्या डोळ्यात गेलेली ही क्षुल्लक वस्तू त्या गवताचे नांगर-पाभर आहे. पुढील सत्रात माळाचे वर्णन आले म्हणजे आम्ही वर्गास ‘ओसाडी’ हा अर्थ सांगणार नाही. तेथे कोणते गवत होते, ते प्रथम विचारू.